छपराखालच्या फळ्यांतील फटी आणि भिंतीमागचे तरट: काय ठेवावे, काय काढावे

आपल्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत. स्लेटच्या (पातळ दगडी पाट्यांच्या) छपराखाली वाशांवर आडव्या ठोकलेल्या फळ्यांत फटी आहेत, म्हणून कंत्राटदार ती सारी तक्तपोशी उपसून प्लायवूड बसवण्याचा सल्ला देतो आहे. आणि एका खोलीत भिंतीचा कागद सोलल्यावर मागे तरट व त्यामागे खरखरीत फळ्या निघाल्या आहेत. छपराच्या फळ्या जेथे कुजलेल्या नाहीत तेथे काढू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. भिंतीच्या फळ्याही ठेवाव्यात, त्यांवरचे तरट मात्र ठेवू नये.

आधी फटींविषयी. वाशांवर सलग फळ्या ठोकून त्यांवरच स्लेट खिळवण्याची पद्धत स्कॉटलंडमध्ये विशेष रुजलेली आहे, आणि तेथे दोन फळ्यांमध्ये साधारण २ ते ३ मिलिमीटर जागा मुद्दाम सोडली जाते. लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, पण रुंदीच्या दिशेने ओलाव्याबरोबर फुगते आणि आकसते. पाइनसारख्या लाकडाच्या १५० मिलिमीटर रुंद फळीतील ओलावा ४ टक्क्यांनी वाढला, तर ती सुमारे दीड मिलिमीटरपर्यंत रुंदावू शकते. फळ्या एकमेकींना घट्ट भिडवल्या असतील तर फुगलेली फळी जाणार कोठे? ती मध्ये उचलली जाते, खिळे सैल करते आणि वरच्या स्लेटलाही ढकलते. दुसरे कारण बाष्पाचे आहे. घरातील दमट हवा वर चढते, आणि निरभ्र रात्री छपराचा पृष्ठभाग बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होत असल्याने तेथे दव धरते. साधी फळी त्यातील काही ओलावा शोषून घेते व दिवसा सोडून देते, उरलेले बाष्प फटींतून आणि स्लेटच्या सांध्यांतून बाहेर पडते. प्लायवूडच्या सलग तक्त्यात डिंकाचे थर असतात आणि सांधे थोडे असतात, त्यामुळे ही वाट बरीचशी बंद होते. कंत्राटदार ज्याला दोष म्हणतो आहे, तो या बांधणीचा मुख्य गुण आहे.

येथे रिपांऐवजी सलग फळ्या का वापरल्या, हेही पाहण्यासारखे आहे. स्कॉटलंडच्या खाणींतील स्लेट लहान आणि वेगवेगळ्या मापांची निघे. मोठ्या स्लेट वळचणीला आणि लहान होत जाणाऱ्या आढ्याकडे, अशी मांडणी केली की प्रत्येक ओळीचे अंतर बदलते. ठरावीक अंतरावर मारलेल्या रिपांवर हे काम अवघड होते; सलग फळीवर मात्र खिळा हवा तेथे ठोकता येतो. स्लेटला वरच्या टोकाशी एकच खिळा असला तर शेजारची स्लेट बाजूला फिरवून तुटलेली बदलता येते, ही सोय मला व्यक्तिशः फार मोलाची वाटते. शिवाय वाऱ्याच्या दाबाचा बराच भाग फळ्या झेलतात, त्यामुळे वादळात स्लेट उचलल्या जाण्याचा धोका कमी होतो.

आता तपासणी. संपूर्ण तक्तपोशी सारखी कुजत नाही. वळचणीजवळ, चिमणीभोवती आणि दोन पाखी मिळतात त्या पन्हळीच्या बाजूंना आधी पाहा. टोकदार आरी खुपसून बघा; ती सहज आत गेली तर ती फळी बदला. ओलावा मोजण्याचे यंत्र मिळाले तर २० टक्क्यांच्या वरचा आकडा हा इशारा समजावा आणि आधी पाणी कोठून येते ते शोधावे. भुंगेऱ्याची जुनी छिद्रे दिसली म्हणून घाबरू नये. ताजी, फिकट भुकटी पडते आहे का, हे महत्त्वाचे. ज्या फळ्यांवर अनेकदा स्लेट बदलल्या गेल्या आहेत, त्यांची मात्र खिळ्यांनी चाळण झालेली असते, आणि निरोगी असूनही त्या नवा खिळा धरत नाहीत. नवी फळी त्याच जाडीची, नीट वाळलेली आणि तितकीच फट सोडून बसवावी; जाडीत फरक पडला की तेथे पायरी होऊन स्लेट टेकत नाहीत. वाशांमध्ये उष्णतारोधक भरणार असाल तर फळीच्या खाली ५० मिलिमीटर मोकळी, हवा खेळती जागा राखावी, कारण उष्णता खाली अडली की फळ्या पूर्वीपेक्षा थंड राहतात आणि अधिक भिजतात.

भिंतीचा प्रश्न वेगळा आहे. उभ्या लाकडांवर आडव्या, रंधा न मारलेल्या फळ्या, त्यांवर तागाचे तरट आणि तरटावर कागद, ही रचना न्यूझीलंडच्या जुन्या लाकडी घरांत सर्रास आढळते. प्रत्येक आधारावर फळीला दोन खिळे असतात; चौकट तिरकी होऊ लागली की ही जोडी तिला विरोध करते. तिरप्या फळ्यांइतका हा विरोध कणखर नसतो, तरी फळ्या उपसल्या की घराचा तोलही काही अंशी जातो, आणि नंतर दारे अडकू लागल्यावर ते लक्षात येते. उलट तरट आणि त्यावरचे कागदाचे थर झटकन पेट घेतात, आणि मागची पोकळी ज्वाला वर नेते. म्हणून तरट काढावे, मात्र तोंडाला योग्य मुखपट्टी बांधून, कारण धूळ खूप असते आणि जुन्या रंगात शिसे असू शकते. भिंत उघडी आहे तोवर मागच्या जुन्या विजेच्या तारा जाणकाराकडून तपासून घ्याव्यात. मग फळ्यांवरच जिप्सम बोर्ड बसवावा, पण त्याचे स्क्रू फळीतून आरपार जाऊन मागच्या उभ्या लाकडात पकडतील इतके लांब घ्यावेत. केवळ फळीत अडकवलेला बोर्ड फळीबरोबर हलतो आणि त्याच्या सांध्यांना भेगा पडतात.