डिंको सिंगचं एकच मोठं सुवर्ण, तरी त्याचं एवढं नाव का?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुतण्या दोंडाईच्याला अकरावीत आहे, बॉक्सिंगचं वेड घेतलंय, मोबाईलवर मेरी कोमच्या शेजारी कुणा डिंको सिंगचा फोटो लावलाय. तुम्ही शोधून पाहिलं, तर त्याच्या नावावर ऑलिंपिकचं पदक नाही, जागतिक स्पर्धेचं नाही. मोठं म्हणावं असं एकच आशियाई सुवर्ण. मग बॉक्सिंगवाले त्याचं नाव घेताना कानाची पाळी का धरतात, असं तुम्ही विचारलंत.

मी मूळचा शहादा तालुक्यातला. सतरा वर्षं फौजेत होतो, बॉक्सिंग तिथेच शिकलो. कंपनी-कंपनीत लढती लागायच्या, काट्यावर उभं करायचे आणि वजन भरेल त्या गटात घालायचे. मी ५४ किलोत भरायचो. डिंकोने बँकॉकला सुवर्ण मिळवलं तेही ५४ किलोतच. म्हणून त्याची गोष्ट मला पाठ आहे.

१९९८ चा डिसेंबर. गावी सारंगखेड्याच्या घोड्यांच्या जत्रेसाठी मागितलेली माझी रजा नामंजूर झालेली, आणि आमच्या युनिटमधला नायक हुद्द्याचा एक मणिपुरी जवान रेडिओ कानाला लावून बसलेला. बँकॉकला आशियाई स्पर्धा चालू होत्या. बातमी लागली तसा तो बराकीतून पळत बाहेर आला आणि थंडीत उघड्या अंगाने ओरडत सुटला. रात्री त्याने सगळ्यांना स्वतःच्या पैशांनी चहा पाजला. डिंको कोण, कुठला, हे त्याच रात्री त्याच्या तोंडून ऐकलं. बाकीचं पुढे वाचून, विचारून गोळा केलं.

पूर्ण नाव ङांगोम डिंको सिंग. जन्म १ जानेवारी १९७९, इंफाळच्या पूर्वेकडच्या सेक्ता गावात. घरची परिस्थिती इतकी बिकट की तो अनाथाश्रमात वाढला. भारतीय क्रीडा प्राधिकरणाची तेव्हा एक योजना होती, स्पेशल एरिया गेम्स नावाची. डोंगराळ, आडवळणाच्या आणि आदिवासी भागांत जाऊन अंगात खेळ असलेली पोरं हेरायची आणि त्यांना वसतिगृहात ठेवून घडवायचं. त्या योजनेत हा पोरगा सापडला. निवृत्त मेजर ओ. पी. भाटियांसारख्या जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली शिकला आणि १९८९ ला अंबाल्याला सब-ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धा जिंकला. वय वर्षं दहा.

इथे जरा थांबा. आईबापाचं छत्र नसल्यासारखा दहा वर्षांचा पोरगा मणिपूरहून अंबाल्याला पोचला कसा? कुणीतरी रेल्वेचं तिकीट काढलं असणार. रोजच्या जेवणाची, झोपायच्या जागेची, सकाळी उठवायची जबाबदारी कुणीतरी घेतली होती, तीही बारा महिने. हे का सांगतोय ते पुढे कळेल.

१९९७ ला बँकॉकच्या किंग्ज कप स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकलं आणि स्पर्धेतला सर्वोत्तम बॉक्सरही तोच ठरला. एवढं करूनही पुढच्या वर्षीच्या आशियाई स्पर्धेच्या संघातून ऐन वेळी त्याचं नाव वगळलं गेलं, आणि मग परत घेतलं गेलं. त्यात तो आधी ५१ किलोत लढायचा, नुकताच ५४ मध्ये आला होता. तीन किलो म्हणजे बाजारातून आणलेल्या पिशवीइतकं वजन. रिंगमध्ये मात्र ते अंगावर येतं. वरच्या गटातला माणूस बोटभर उंच असतो, हात लांब असतात, आणि त्याने मिठी घालून अंग टाकलं की दुसऱ्या फेरीपर्यंत आपल्या मांड्या भरून येतात. मी स्वतः एकदा ५७ च्या माणसाशी लढलोय. रात्रभर मान वळत नव्हती.

उपांत्य फेरीत समोर थायलंडचा सोनताया वाँगप्रातेस, त्या गटातला जगातला तिसऱ्या क्रमांकाचा बॉक्सर, आणि तो स्वतःच्या घरच्या रिंगमध्ये. दोनच वर्षांपूर्वी अटलांटाला सोमलुक कामसिंगने थायलंडला त्यांच्या इतिहासातलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं होतं, तेही बॉक्सिंगमध्येच. तिथल्या लोकांचं बॉक्सिंगवर किती प्रेम असेल याचा अंदाज करा. त्या काळी गुण यंत्रावर मोजायचे. रिंगभोवती पाच पंच, त्यांच्यातल्या तिघांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच ठोसा धरायचा. म्हणजे ठोसा नुसता लागून उपयोग नाही, तो तिघांना एकाच क्षणी स्वच्छ दिसायला हवा. अशा ठिकाणी डिंकोने त्या थाई पोराला हरवलं. अंतिम फेरीत उझबेकिस्तानचा तिमूर तुल्याकोव्ह होता. चौथी फेरी संपली आणि तुल्याकोव्हला लढत सोडावी लागली. गुणांची बेरीज करून जिंकणं वेगळं, आणि समोरच्याची लढतच तिथे थांबणं वेगळं.

आशियाई स्पर्धेत बॉक्सिंगचं सुवर्ण भारताला १६ वर्षांनी मिळालं होतं. त्याआधीचं १९८२ च्या दिल्लीतलं, कौर सिंग यांचं, आणि ते हेवीवेट. त्याच्याही आधी हवा सिंग यांनी १९६६ आणि १९७० ला मिळवली, तीही हेवीवेटमध्ये. त्यामुळे बॉक्सिंग म्हणजे पंजाब-हरियाणातल्या धिप्पाड फौजी गड्यांचं काम, असं आमच्या युनिटमध्येही सगळे धरून चालायचे. डिंकोने ५४ किलोत तेच पदक आणलं. लहान चणीच्या, वाटाण्यासारख्या टणक पोरांना पहिल्यांदा वाटलं की ही रिंग आपलीही आहे.

पेपरांत त्या महिन्यात जास्त जागा हॉकीला मिळाली, आणि ते योग्यच होतं. धनराज पिल्लेच्या संघाने ३२ वर्षांनी सुवर्ण आणलं होतं. ज्योतिर्मयी सिकदरने ८०० आणि १५०० मीटर दोन्ही जिंकल्या होत्या. महाराष्ट्रात डिंकोचं नाव मागे पडलं. मणिपुरात ते घराघरांत गेलं. चुराचांदपूर जिल्ह्यातल्या एका शेतमजुराच्या मुलीने ते ऐकलं आणि धावणं-भालाफेक सोडून ती बॉक्सिंगकडे वळली. घरी सांगितलं नाही. पेपरात फोटो आला तेव्हा वडिलांना कळलं. ती मेरी कोम. पुढे सहा जागतिक सुवर्णं, त्यातलं चौथं जुळी मुलं झाल्यावर, २००८ ला चीनमधल्या निंग्बोत, आणि २०१२ ला लंडनला ऑलिंपिकचं कांस्य. डिंकोला पाहूनच सुरुवात केली, हे तिने स्वतः अनेकदा सांगितलंय. तुमच्या पुतण्याने दोन फोटो शेजारी लावलेत, त्याला हे माहीत असणार. पोरगा वाचणारा दिसतो.

डिंकोला पुढे फार मोठं यश मिळालं नाही. २००० ला सिडनीत युक्रेनच्या सेर्ही दानिलचेन्कोने त्याला हरवलं. दानिलचेन्कोने त्याच गटात कांस्य घेतलं. डिंको नौदलात होता, नंतर इंफाळला क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात पोरांना शिकवायला लागला. अर्जुन पुरस्कार १९९८ ला मिळाला होता, पद्मश्री २०१३ ला.

आता ते वसतिगृहाचं. फौजेतून आल्यावर मी गावाकडच्या एका आश्रमशाळेत खेळ शिकवायला लागलो. कडुलिंबाला गोणपाटाची बॅग टांगली. पहिल्यांदा वाळू भरली, ती आठवड्यात तळाशी दगडासारखी बसली आणि पोरांची मनगटं सुजली. मग चिंध्या आणि जिनिंगमधली वाया गेलेली रुई भरली, ती चांगली चालली. गावात कुस्तीची सवय, जत्रेतली दंगल सगळ्यांना कळते. हे नवीन होतं. एक म्हातारबाबा रोज ओट्यावरून विचारायचे, "कसाले शिकाडस भो ह्या मारामाऱ्या?"

धडगावकडचा एक पावरा आदिवासी पोरगा होता. नाव सांगत नाही. तेरा वर्षांचा, ३८ किलो, आणि हात गुडघ्याला टेकतील इतके लांब. डाव्या हाताचा जॅब, म्हणजे सरळ ठोसा, त्याला शिकवावाच लागला नाही. ठोसा गेला की त्याच वाटेने हात परत हनुवटीपाशी यायचा. हे अंगात यायला फौजेतल्या आम्हा लोकांना दोन दोन वर्षं लागली होती. मी त्याला डिंकोची गोष्ट इतक्यांदा सांगितली की तो इतर पोरांना सांगायला लागला. जिल्ह्याला पहिला आला.

दिवाळी झाली आणि ट्रक आला. आईबापांनी मुकादमाकडून उचल घेतलेली, गुजरातेत ऊसतोडीला जायचं होतं. धाकटी भावंडं सांभाळायला आणि वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांधायला तोही लागणार होता. ट्रकवर चढायच्या आधी त्याने ग्लोव्हज माझ्या हातात दिले. म्हणाला, "सर, तुमच्याकडे राहू द्या. तिकडे उंदीर कुरतडतील."

काठी गावच्या होळीला सगळी माणसं डोंगरात परततात, तसा तोही परतला. उंची वाढली होती, अंगावर मांस नव्हतं, आणि डाव्या अंगठ्याच्या मुळाशी कोयत्याचा खोल वण. मूठ नीट वळेना. तरी पुन्हा उभा राहिला. बॉक्सिंगमध्ये खंड पडला की आधी पाय विसरतात, हात नंतर. जूनपर्यंत पाय परत यायचे, ऑक्टोबरात तो चमकायचा, आणि दिवाळीनंतर पुन्हा ट्रक. अशी तीन वर्षं गेली. चौथ्या वर्षी तो आला नाही.

त्याला मी माझ्या घरी ठेवून घ्यायला हवं होतं. चार महिन्यांचाच प्रश्न होता. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि खळ्यातली एक खाट. तेव्हा ते मला सुचलं नाही, आणि याचं दुःख मला आजही आहे. डिंको आणि त्याच्यात हाताच्या वेगाचा फरक नव्हता, असं मी छातीवर हात ठेवून सांगतो. फरक दिवाळी ते होळीच्या जेवणाचा होता.

डिंकोचे शेवटचे दिवस फार कठीण गेले. २०१७ ला यकृताच्या कर्करोगासाठी मोठी शस्त्रक्रिया झाली. २०२० च्या एप्रिलमध्ये, ऐन टाळेबंदीत, उपचारासाठी त्याला विमानाने दिल्लीला नेलं. परतताना रुग्णवाहिकेतून रस्त्याने, दोन हजार किलोमीटरच्या वर, इंफाळपर्यंत. तिथे करोना झाल्याचं कळलं. त्यातून तो उठला. १० जून २०२१ ला कर्करोगाने गेला. वय ४२.

त्या दिवशी दुपारी मला एक फोन आला. तोच पोरगा. आता तळोद्याकडे पिकअप चालवतो, दोन लेकरांचा बाप आहे. म्हणाला, "सर, आपला डिंको गेला." मग दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. गाडीचं इंजिन चालू असल्याचा आवाज तेवढा येत होता.

तुमच्या पुतण्याबद्दल. फौजेच्या बॉईज स्पोर्ट्स कंपनीत ८ ते १४ वर्षांची पोरं घेतात, ते वय गेलं. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पुढे कॉलेजातून जळगावच्या विद्यापीठाच्या संघाचा रस्ता आहे, राज्य स्पर्धा आहेत, आणि फौज, रेल्वे, पोलीस या सगळ्यांकडे बॉक्सिंगचे संघ असतात. पहिले सहा महिने ग्लोव्हजसाठी पैसे घालू नका. दोरीवरच्या उड्या आणि आरशासमोर पाय. हाताला गुंडाळायला जुन्या सुती साडीच्या पट्ट्या चालतात, मनगटावर तीन वेढे आणि बोटांच्या मधून एकेक. वजन उतरवायला पाणी तोडत असेल तर ताबडतोब थांबवा, या वयात मूत्रपिंडावर येतं. डिंकोच्या जुन्या लढतींची चित्रं पाहील तेव्हा त्याला डोक्याला संरक्षक टोपी दिसेल. पुरुषांच्या मोठ्या स्पर्धांतून ती २०१३ मध्ये काढली. सरावात मात्र त्याने ती घातल्याशिवाय कुणासमोर उभं राहू नये.

आणि त्याच्यासोबत मैदानावर एखादा असा पोरगा येत असेल, ज्याचे आईबाप दिवाळीनंतर गावात नसतात, तर तो कुठे जेवतो एवढं विचारा. आमच्याकडे यंदा तसे दोघं आहेत. एक माडीवर झोपतो. दुसऱ्याला आत गुदमरतं, तो ओट्यावर.