बयाणा अडकलाय, प्लॉटमालक परत देत नाही. काय करावं?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नागपूरच्या बेसा भागात प्लॉटचा सौदा केला, आरएल (प्लॉट नियमित असल्याचं सरकारी रिलीज लेटर) आहे असं सांगून मालकाने बयाणा म्हणजे इसार घेतला, ते निघालंच नाही, बँकेने कर्ज नाकारलं. आणि आता तो इसारपावतीवरचं ‘सौदा मोडल्यास बयाणा जप्त’ हे वाक्य दाखवतोय.

त्या वाक्याला घाबरू नका. सौदा कोणामुळे मोडला हे आधी पाहिलं जातं. तुम्हीच मागे सरला असता तर इसार जाऊ शकला असता. इथे कागद मालकाकडे नाहीत, म्हणजे खोट त्याची. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे अशा वेळी दिलेल्या पैशांचा बोजा त्याच प्लॉटवर येतो.

पण हे कागदावर आलं पाहिजे. इसारपावतीची मुदत संपायच्या आत, ‘आरएल नसल्यामुळे सौदा रद्द, रक्कम परत करा’ असं वकिलामार्फत पोचपावतीसह कळवा. मुदत गेली की तोच म्हणेल, हेच रजिस्ट्रीला आले नाहीत.

रोख दिलेत का? २० हजार किंवा त्यावर रोख इसार घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे आणि दंड घेणाऱ्याला बसतो. म्हणूनच काही जण घेतलेच नाहीत म्हणून हात वर करतात. व्हॉट्सअॅपवर त्याने रक्कम मान्य केली असेल तर ते चॅट जपा.

माझंही मानेवाड्यात असंच अडकलं होतं. नोटिशीला मालकाने भीक घातली नाही. मग वकिलाने पेपरात जाहीर सूचना दिली: मौजा, खसरा नंबर, प्लॉट नंबर, आणि ‘या प्लॉटवर आमच्या अशिलाची रक्कम बाकी आहे’. नव्या गिऱ्हाइकाच्या वकिलाने ती वाचली नि दलाल स्वतः घरी आला.

पोलीस ठाण्यात जायचा सल्ला बरेच जण देतील. एकच प्लॉट दोघांना विकलाय असं काही असेल तर जा, नाहीतर ‘दिवाणी मामला आहे’ म्हणून परत पाठवतात.

तरीही नाहीच दिले तर सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात वसुलीचा दावा. तारीख पे तारीख होतं, पण वसुलीची मुदत साधारण ३ वर्षंच धरा, ‘पुढच्या महिन्यात देतो’वर ती घालवू नका. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून लोकअदालतीत तडजोड होते का बघा. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकुमासारखाच चालतो.

आणि पैसे खात्यात जमा होईस्तोवर मूळ इसारपावती त्याच्या हातात देऊ नका.