खासदार परदेशी जातात ते कुणाच्या वतीने?

आंतर-संसदीय संघ ही देशोदेशींच्या संसदांची संघटना. तिच्या परिषदेला भारताचे शिष्टमंडळ गेले, की वर्तमानपत्रात चार ओळी आणि एक छायाचित्र येते. मागच्या महिन्यात या सदरात मी त्याचा ओझरता उल्लेख केला आणि त्यावर इतकी पत्रे आली, की आजचे सगळे सदर त्यालाच द्यावे लागले. विधानसभा पणजीच्या जुन्या आदिलशाही राजवाड्यात भरायची, तेव्हापासून मी पत्रकार कक्षात बसतो आहे. सभागृहाच्या कामकाजाबद्दल वाचक इतक्या बारकाईने विचारतात, याचा मला मनापासून आनंद होतो.

प्रश्न : मी साखळीला नववीच्या मुलांना नागरिकशास्त्र शिकवते. एका मुलीने विचारले, ‘खासदार परिषदेला जातात ते सरकारचे प्रतिनिधी म्हणून का?’ मी ‘हो’ म्हटले, पण घरी आल्यावर शंका वाटू लागली. (शिक्षिका, साखळी)

बाई, तुमची शंका खरी आहे. उद्या वर्गात उत्तर दुरुस्त करा, त्यात कमीपणा नाही. ते संसदेचे प्रतिनिधी म्हणून जातात.

हा संघ १८८९ मध्ये पॅरिसला स्थापन झाला. ब्रिटनचे विल्यम रँडल क्रेमर आणि फ्रान्सचे फ्रेडरिक पासी या दोन खासदारांनी त्यात पुढाकार घेतला. क्रेमर मुळात सुतारकाम करणारे, कामगार संघटनेतून पुढे आलेले. सरकारे एकमेकांशी बोलतात ती वकिलातींमार्फत, बंद दारांआड. लोकांनी निवडून दिलेल्या माणसांनीही समोरासमोर बसावे आणि भांडणे लवादाने मिटवावीत, एवढीच त्यांची मागणी होती. सुरुवातीला खासदार तिथे वैयक्तिकरीत्या जमत. संसदा सदस्य झाल्या त्या पुढे. आज १८० हून अधिक देशांच्या संसदा संघात आहेत, मुख्यालय जिनिव्हाला आहे आणि परिषद साधारणपणे वर्षातून दोनदा भरते. अमेरिकेची काँग्रेस मात्र त्यात नाही.

आपल्याकडे हे काम भारतीय संसदीय गट पाहतो. तो १९४९ मध्ये उभा राहिला, दादासाहेब मावळंकर सभापती असताना. लोकसभेचे सभापती (महाराष्ट्रातले वाचक ‘अध्यक्ष’ म्हणतील, आपण गोव्यात सभापतीच म्हणतो) हे या गटाचे पदसिद्ध अध्यक्ष. शिष्टमंडळात दोन्ही सभागृहांचे आणि वेगवेगळ्या पक्षांचे खासदार असतात.

गोंधळ होतो तो दुसऱ्या एका प्रकारामुळे. मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरनंतर, सात सर्वपक्षीय शिष्टमंडळे परदेशी गेली. एकाचे नेतृत्व सुप्रिया सुळे यांच्याकडे होते, एकाचे श्रीकांत शिंदे यांच्याकडे, एकाचे शशी थरूर यांच्याकडे. ती सरकारने पाठवली होती, देशाची भूमिका मांडण्यासाठी, आणि त्यांत खासदार नसलेली माणसेही होती. १९९४ मध्ये नरसिंह राव पंतप्रधान असताना जिनिव्हाला मानवी हक्क आयोगापुढे विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयी गेले, तेही सरकारच्याच शिष्टमंडळाचे प्रमुख म्हणून. या दोन्ही वेळी सगळ्यांनी एका सुरात बोलणे अपेक्षित होते, आणि ते योग्यच होते.

संसदेच्या शिष्टमंडळाचे तसे नाही. संसद म्हणजे सत्ताधारी आणि विरोधक दोन्ही. म्हणून मी तरी शिष्टमंडळाची यादी हाती आली, की आधी त्यात विरोधी बाकांवरचे किती जण आहेत ते मोजतो. ते नसतील तर गेले ते बहुमत, संसद नव्हे.

प्रश्न : तिथे मतदान कसे होते? प्रत्येक देशाला एक मत का? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, फोंडा)

नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत तसे आहे, इथे नाही. परिषदेच्या सभेत प्रत्येक संसदेला किमान १० मते असतात. त्यावर लोकसंख्येप्रमाणे भर पडते : १० लाख ते ५० लाख लोकसंख्येला एक मत जास्त, ५० लाख ते १ कोटीला दोन, असे चढत जाऊन ३० कोटींच्या वर १३. म्हणजे भारताची मते २३. एक कोटीच्या थोडे वर लोकसंख्या असलेल्या पोर्तुगालची १३, आणि काही हजार वस्तीच्या सान मारिनोची १०. २०११ च्या जनगणनेत आपल्या गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. त्या तक्त्यात गोवा बसवून पाहा : ११ मते. मोठ्याला थोडे जास्त द्यायचे, पण धाकट्याचा आवाज बुडू द्यायचा नाही, असा तो हिशेब आहे.

शिष्टमंडळात जास्तीत जास्त आठ खासदार असतात, १० कोटींहून मोठ्या देशांना दहा जण पाठवता येतात. आता परीक्षेत कुणी विचारणार नाही, पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो नियम सांगतो. एका प्रतिनिधीला १० पेक्षा जास्त मते टाकता येत नाहीत, आणि शिष्टमंडळाला आपली मते विभागता येतात. भारताची २३ मते पडायची तर निदान तीन खासदारांनी हात वर करायला हवेत, आणि ती तिघे एकाच बाजूला असली पाहिजेत अशी सक्ती नाही. सरकारांच्या बैठकीत एका देशाने ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही म्हणणे ही कल्पनाच करता येणार नाही. संसदेचे शिष्टमंडळ वेगळे का, याचा पुरावा या एका कलमात आहे.

संघाच्या नियामक मंडळात मात्र प्रत्येक संसदेचे तीन सदस्य. तिथे भारत आणि सान मारिनो समान. संघाचा अध्यक्ष हेच मंडळ निवडते. २०२३ मध्ये टांझानियाच्या संसदेच्या तेव्हाच्या सभापती तुलिया ॲक्सन या पदावर आल्या. त्याआधी भारताचे गुरदयालसिंग धिल्लन १९७३ ते १९७६ या काळात अध्यक्ष होते, आणि १९९९ मध्ये नजमा हेपतुल्ला निवडून आल्या. त्या वेळी त्या राज्यसभेत महाराष्ट्रातून होत्या.

प्रश्न : मी पंचायतीचा पंच आहे. तुम्ही लिहिले की या परिषदेचे ठराव कुणावर बंधनकारक नाहीत. मग लोकांच्या पैशांतून दहा खासदार पाठवायचे कशाला? इथे आम्हाला एका गटारासाठी वर्षभर फाइल घेऊन फिरावे लागते. (पेडणे)

राग समजतो, आणि प्रश्न टाळण्यासारखा नाही.

तुमच्याच ग्रामसभेकडे बघा. रविवारी सकाळी लोक जमतात, डोंगर कापण्याच्या विरोधात ठराव होतो. त्या ठरावाने यंत्र त्याच दिवशी थांबते का? बहुतेक वेळा नाही. तरी लोक ग्रामसभा सोडत नाहीत, कारण ठराव इतिवृत्तात आला की उद्या ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे कुणाला म्हणता येत नाही. पुढे कोर्टात, वर्तमानपत्रात, विधानसभेत तोच कागद कामाला येतो. पण हे केव्हा? कुणीतरी तो कागद उचलून पाठपुरावा केला तर. ठराव घेऊन सगळे घरी गेले तर तो वहीतच राहतो.

आंतर-संसदीय संघाचे अगदी असेच आहे. मार्च २०२२ मध्ये इंडोनेशियात, बालीला परिषद भरली तेव्हा युक्रेनच्या युद्धावर तातडीचा ठराव झाला. युद्ध त्याने थांबले नाही. मात्र संघाच्या घटनेत सदस्यांवर एक कर्तव्य घातलेले आहे : परिषदेचे ठराव आपापल्या संसदेपुढे ठेवायचे, सरकारला कळवायचे, अंमलासाठी पाठपुरावा करायचा आणि काय झाले ते संघाला सांगायचे. म्हणजे परिषद संपली की शिष्टमंडळाचे अर्धे काम उरलेले असते.

आपल्याकडे शिष्टमंडळाच्या सहभागाचा अहवाल लोकसभेचे महासचिव सभागृहाच्या पटलावर ठेवतात. कामकाजपत्रिकेत ती एक ओळ असते आणि बारा वाजण्याच्या सुमारास, गोंगाटात, ती निघून जाते. त्यावर चर्चा व्हायला हवी असे माझे ठाम मत आहे. निदान अर्धा तास. शिष्टमंडळातल्या विरोधी सदस्याने उठून सांगावे, की मी तिथे काय बोललो आणि कोणत्या मुद्द्यावर माझे पटले नाही. तसे झाले तर तुमच्यासारख्या पंचाला खर्चाचा हिशेब मिळेल. खर्च करू नका असे मी म्हणणार नाही. न विचारता सोडू नका, असे म्हणेन. गोव्याचे लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक असे तीनच खासदार आहेत, त्यांना पत्र लिहून हा अहवाल मागता येतो.

तुम्ही नुसत्या खर्चाचेच विचारले आहे म्हणून : प्रवासाचा भार साधारणपणे ज्याच्या त्याच्या संसदेवर असतो, आणि परिषदेच्या व्यवस्थेचा बराचसा भार यजमान संसदेवर. १९९३ च्या एप्रिलमध्ये शिवराज पाटील सभापती असताना ही परिषद नवी दिल्लीत भरली, तेव्हा यजमान आपण होतो.

प्रश्न : शिष्टमंडळात एकही महिला नसेल तर चालते का? (वकील, मडगाव)

एकदा चालते, दुसऱ्यांदाही. सलग तिसऱ्या परिषदेला शिष्टमंडळ फक्त पुरुषांचे (किंवा फक्त स्त्रियांचे) असेल, तर त्याची एक जागा आपोआप कमी होते आणि मूळ १० मतांची ८ होतात. नियामक मंडळातही सगळे एकाच लिंगाचे असतील तर तिघांऐवजी दोघांनाच बसता येते. दंड लहान आहे, पण सगळ्यांसमोर लागतो, त्यामुळे तो बोचतो.

तुम्ही गोव्यातून विचारता आहात, म्हणून हेही लिहायला हवे. लोकसभेवर गोव्यातून निवडून गेलेल्या एकमेव महिला संयोगिता राणे, १९८० मध्ये, पणजी मतदारसंघातून. त्याला चार दशकांहून जास्त काळ लोटला. २०२४ च्या लोकसभेत ७४ महिला निवडून आल्या, गोव्याची एकही नाही. शिष्टमंडळात बाई हवी तर आधी ती सभागृहात हवी.

प्रश्न : आपले आमदार या परिषदेला जाऊ शकतात का? (डिचोली)

या परिषदेला नाही, ती राष्ट्रीय संसदांची आहे. पण राष्ट्रकुल संसदीय संघ ही वेगळी संस्था आहे, १९११ मध्ये निघालेली. तिथे राज्यांच्या विधानमंडळांनाही सदस्यत्व मिळते आणि गोवा विधानसभा तिची शाखा आहे. पर्वरीहून, म्हणजे आपल्या विधानसभेतून, सभापती किंवा आमदार परदेशी परिषदेला गेल्याची बातमी वाचाल, ती बहुधा या संघाची असते. अहवालाचा जो आग्रह मी वर धरला, तो पर्वरीलाही लागू.

प्रश्न : १९८३ मध्ये आग्वादला राष्ट्रकुलाचे नेते आले होते. २०१६ मध्ये बाणावलीला ब्रिक्स झाली. त्या अशाच परिषदा का? (निवृत्त बंदर कर्मचारी, वास्को)

नाही, त्या सरकारप्रमुखांच्या बैठका होत्या. दोन्हींतून ‘गोवा घोषणापत्र’ निघाले, आणि त्यामागे होती सरकारे. २०१६ मध्येच ब्रिक्स देशांच्या महिला खासदारांची बैठकही झाली, पण ती जयपूरला. संसदांच्या मोठ्या परिषदेचे यजमानपद मिळवायचे तर सगळ्या सदस्य देशांच्या शिष्टमंडळांना व्हिसा देण्याची हमी द्यावी लागते, मग त्या देशाशी आपले पटो वा न पटो. शेजाऱ्यांचे रुसवे तरीही आड येतात : २०१७ मध्ये ढाक्याला परिषद झाली, तिथे पाकिस्तानचे शिष्टमंडळ गेले नाही.

प्रश्न : ज्या देशात विरोधी खासदारांना तुरुंगात टाकतात, त्या देशाचे शिष्टमंडळ तिथे मानाने बसते. हे कसे सहन होते? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, पणजी)

हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला.

संघाची एक समिती आहे, खासदारांच्या मानवी हक्कांसाठी, १९७६ पासून. अटक झालेल्या, बेपत्ता झालेल्या, मारल्या गेलेल्या, बेकायदा अपात्र ठरवलेल्या खासदारांच्या तक्रारी ती घेते. परिषद भरते त्याच काळात तिच्या बैठका बंद खोलीत होतात, आणि ज्या देशाविरुद्ध तक्रार असेल त्याच देशाच्या शिष्टमंडळाला ती बोलावून विचारते : तुमचा हा सहकारी कुठे आहे? त्याच्यावर खटला का चालला नाही? त्याच्या घरच्यांना भेटू का दिले जात नाही? मग अहवाल नियामक मंडळापुढे येतो आणि निर्णय सगळ्यांसमोर वाचला जातो. त्या वेळी ते शिष्टमंडळ सभागृहातच बसलेले असते.

म्हणून मला त्यांनी येणे हवे असते. त्यांना दाराबाहेर ठेवले तर हे प्रश्न विचारायला समोर कुणी उरत नाही. एखाद्या देशात संसदच मोडीत काढली, तर मात्र नियामक मंडळ सदस्यत्व निलंबित करू शकते, कारण मग प्रतिनिधी कुणाचा हेच सांगता येत नाही. वर्गणी दोन वर्षे थकली तर मताधिकार जातो, हेही जाता जाता.

तुम्ही ‘सहन’ हा शब्द वापरलात. बंद खोलीतल्या त्या टेबलाशी, आपल्याच सभागृहातल्या कैद झालेल्या माणसाबद्दल उत्तर द्यायला बसलेल्या खासदाराचा मी अनेकदा विचार करतो. तोही निवडून आलेला असतो. कदाचित गेल्या वर्षी ते दोघे एकाच बाकावर बसले असतील. शिष्टमंडळातल्या एखाद्याने तिथे खालच्या आवाजात जरी ‘मी परत गेल्यावर त्याला भेटायची परवानगी मागतो’ असे म्हटले, तर त्या बैठकीला येण्याचे त्याचे भाडे वसूल झाले, असे मी धरतो.