दुःखाची पुस्तकं मुलांना द्यावीत का?

प्रश्न : सध्या आपण कुमारवयीनांच्या कादंबऱ्या वाचत आहात, असं मागच्या अंकात लिहिलं होतंत. माझी मुलगी आठवीत आहे. घरातलं आजारपण, मृत्यू अशा विषयांची पुस्तकं तिच्या हातात द्यायला मन धजत नाही. काय करावं?
– एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, खुशाल द्या. नुकतीच मी 'अ मॉन्स्टर कॉल्स' वाचली. मूळ कल्पना शिव्हॉन डाउड या लेखिकेची. ती २००७ मध्ये कर्करोगाने गेली आणि पॅट्रिक नेसने ती कादंबरी लिहिली. २०११ मध्ये ती आली. तेरा वर्षांच्या कॉनरची आई बरी होत नाहीये. रात्री १२ वाजून ७ मिनिटांनी झाडाचा राक्षस येतो, तीन गोष्टी सांगतो. चौथी कॉनरने सांगायची, आणि खरी सांगायची. ते खरं असं, की हे सगळं एकदाचं संपावं असं त्याला आतून वाटतंय. आईवर जीव असूनही.

तिथे मी पुस्तक मिटून बसले. मी नववीत असताना वडील अंथरुणाला खिळले होते. शनिवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत हाच विचार माझ्या मनात यायचा आणि मी स्वतःला पापी समजायचे. येणारा-जाणारा 'धीराची आहेस हो' म्हणायचा. तेव्हा हे पुस्तक असायला हवं होतं.

आणि दुःख आपल्याला नवीन कुठे आहे? साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' आपण हौसेने मुलांना देतोच, तिच्यातही आई जाते. फरक एवढाच, की तिथे मोठा झालेला श्याम मागे वळून सांगतो. दुःखाला वळण लागलेलं असतं. कॉनर अजून त्यातच अडकलेला आहे. मुलीला दोन्ही वाचू द्या.

मिलिंद बोकीलांची 'शाळा'ही पुन्हा वाचली. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद नववीतलाच राहून बोलतो, मध्ये कुणी मोठं माणूस शहाणपण शिकवायला येत नाही, म्हणून मला ती फार प्रिय आहे. भाषा मोकळी आहे, शिव्या आहेत. त्यांना घाबरू नका.

एक मात्र कळकळीने सांगते : वाचून झाल्यावर 'काय शिकलीस?' असं विचारू नका. आधी तुम्ही स्वतः वाचा. ती आपणहून बोलायला आली, तर हातातलं काम बाजूला ठेवा.