मोठे टायर आणि थरथरणारे स्टिअरिंग

प्रश्न : अखंड पुढच्या अ‍ॅक्सलच्या (पुढची दोन्ही चाके एकाच सलग दांड्याला जोडलेल्या) माझ्या गाडीला ३५ इंची टायर बसवल्यापासून ताशी ७० किलोमीटरच्या सुमारास खड्डा लागला की स्टिअरिंग जोरात थरथरते आणि वेग उतरेपर्यंत थांबत नाही. स्टिअरिंगचे धक्के शोषणारा डॅम्पर बदलूनही उपयोग झाला नाही.

उत्तर : डॅम्पर थरथर दाबतो, तिचे कारण दूर करत नाही. ठरावीक वेगाला येऊन पुढे ओसरणारे कंपन बहुधा टायरच्या असंतुलनाचे असते. परंतु धक्क्याने सुरू होऊन आपली आपण न थांबणारी थरथर प्रायः सांध्यांतील ढिलाईतून येते, आणि ती धोकादायक असल्याने दोष सापडेपर्यंत आपण वेगाने गाडी चालवू नये, ही कळकळीची विनंती. चाके जमिनीवरच ठेवून, हँडब्रेक ओढून आणि इंजिन चालू ठेवून सहकाऱ्याला स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडे थोडे हलवायला सांगावे व ट्रॅक बारच्या (अ‍ॅक्सलला आडवे सरकू न देणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही टोकांवर नजर ठेवावी. बोल्टचे छिद्र झिजून लांबट झाले असल्यास बोल्ट छिद्रात सरकताना दिसतो. माझ्या मते पहिला संशय येथेच घ्यावा. त्यानंतर टाय रॉडची (दोन्ही चाके एकत्र वळवणाऱ्या दांड्याची) टोके, बॉल जॉइंट (चाक ज्यांवर वळते ते गोलाकार सांधे) आणि चाकांचे बेअरिंग तपासावेत. गाडी उंच केली असेल, तर कॅस्टर कोनही (चाक ज्या अक्षाभोवती वळते, त्या अक्षाचा बाजूने दिसणारा मागचा झुकावही) मोजून घ्यावा, कारण तो घटला की चाकांची सरळ राहण्याची ओढ क्षीण होते.