उपास, प्रार्थना आणि नवसाचा हिशोब

ईस्टरपूर्वीचा ख्रिस्ती उपासकाल ज्या दिवशी सुरू होतो तो राखेचा बुधवार तोंडावर आला असल्यामुळे या वेळी आलेली बहुतेक पत्रे उपास आणि प्रार्थना यांविषयीच आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांतील काहींना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : पाळकसाहेब, प्रभूमध्ये सलाम. माझा मुलगा काही वर्षांपासून पोलीस भरतीची तयारी करतो आहे. मागच्या भरतीच्या वेळी मी सात शुक्रवार कडकडीत उपास धरला आणि मंडळीतल्या बहिणींनीही साथ दिली; पण मैदानी चाचणी पार करून तो लेखी परीक्षेत थोडक्यात राहिला. आता काहीजणी म्हणतात की सातांनी भागत नाही, एकवीस धरा. एकीने तर तुमचा विश्वासच कमी पडला, असे तोंडावर सांगितले. मी काय करावे?
– एक वाचिका, अंबड तालुका

उत्तर : ताई, ज्या बहिणीने तुम्हाला विश्वास कमी पडल्याचे सुनावले, तिला माझ्या वतीने २ शमुवेल १२वा अध्याय वाचायला सांगा. दाविदाचे तान्हे मूल आजारी पडले तेव्हा त्याने अन्न वर्ज्य केले, रात्रभर जमिनीवर पडून राहिला, वडीलधाऱ्यांनी उठवले तरी उठला नाही. आणि सातव्या दिवशी मूल गेले. ही वार्ता कळल्यावर त्याने स्नान केले, कपडे बदलले, परमेश्वराच्या मंदिरात जाऊन भजन केले आणि घरी येऊन जेवायला वाढायला सांगितले. चाकर चक्रावून गेले, कारण त्यांच्या हिशोबाने उपास वाया गेला होता. दाविदाचा हिशोब तसा नव्हता. मूल जिवंत असेपर्यंत देव कदाचित दया करील म्हणून आपण रडलो, असे तो सांगतो. या ‘कदाचित’मध्ये देवाला देव म्हणून मोकळे ठेवलेले आहे.

आपल्या मराठवाड्यात नवस बोलणे आणि फेडणे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. शेजाऱ्यांच्या श्रद्धेला नावे ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. माझे म्हणणे आपल्या घरांपुरते आहे. आपण प्रभूचे नाव घेतो, पण पुष्कळदा व्यवहार नवसाचाच ठेवतो : इतके शुक्रवार मी पाळीन, इतके काम तू कर, काम झाले नाही तर शुक्रवार वाढवायचे किंवा विश्वासाला दोष द्यायचा. सातांचे एकवीस आणि एकविसांचे चाळीस होतात ते याच वाटेने. एखादा वाचक म्हणेल की हन्नानेही नवस केला होता, आणि ते खरेच आहे. पण १ शमुवेलाचा पहिला अध्याय सावकाश वाचला, तर दिसते की हन्ना जेवत नव्हती, रडत होती, मंदिरात मन मोकळे करत होती. आणि एली याजकाने तिला शांतीने जा म्हटल्यावर ती परतली, जेवली आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. त्या वेळी मूल पदरात पडलेले नव्हते, दिवसही गेलेले नव्हते. तिचा उपास सुटला तो मागणे देवाच्या हाती सोपवल्यावर.

म्हणून एकवीस शुक्रवारांचा विचार सोडा. आठवड्यातून एक दिवस, एका वेळचे जेवण, एवढे तुमच्या वयाला आणि घरच्या कामाला पुरे आहे. त्या वेळी मुलाच्या नोकरीसाठी जरूर मागा, त्यात कमीपणा काहीच नाही. पण निवड झाली नाही तर त्याचे मन खचू नये यासाठीही मागा, आणि त्याच्याबरोबर मैदानावर धावणाऱ्या इतर पोरांसाठीही मागा, कारण त्यांच्याही आया कुठेतरी हात जोडून बसलेल्या आहेत. मुलाला मात्र उपास धरायला लावू नका. १६०० मीटर धावण्याचा सराव करणाऱ्या पोराला पोटभर भाकरी आणि दूध लागते.

आणखी एक गोष्ट. यशयाच्या ५८व्या अध्यायात देवाला आवडणारा उपास सांगितला आहे, त्यात भुकेल्याला आपली भाकरी वाटून देणे स्पष्टपणे येते. शुक्रवारी तुमच्या वाट्याच्या दोन भाकरी वाचल्या, तर त्या संध्याकाळी गरम करून खाण्यासाठी झाकून ठेवू नका. तेवढे पीठ, तेवढी डाळ वेगळ्या डब्यात काढा आणि महिनाअखेरीस गल्लीतल्या ज्या घरात कमावते माणूस नाही, तिथे गाजावाजा न करता पोचवा. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली प्रार्थनेचे जे मोठे जागरण झाले, ते दुष्काळातल्या अनाथ मुलींना जेथे जेवू घातले जात होते त्याच आवारात झाले, हे त्या जागरणाविषयी बोलताना आपल्याकडे फार थोडे लोक सांगतात.

प्रश्न : मी सेवानिवृत्त शिक्षक आहे. बारा वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या आणि रात्री इन्सुलिन चालू आहे. संपूर्ण उपासकाल एकभुक्त राहावे अशी इच्छा आहे. घरचे विरोध करतात. विश्वास असेल तर शरीराला अपाय होत नाही ना?
– एक वाचक, लातूर

उत्तर : गुरुजी, या बाबतीत घरच्यांचे ऐका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात जेवण नसताना घेतली, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की दरदरून घाम, हातापायांना कंप, धडधड, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे दिसतात, आणि दुर्लक्ष झाले तर माणूस बेशुद्ध पडतो. तुमच्या औषधांच्या वेळा आणि मात्रा तुमचे डॉक्टरच ठरवतील. त्यांना न विचारता एकही जेवण टाळू नका आणि उपासासाठी एकही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. साखर उतरल्यासारखे वाटले तर ताबडतोब साखरपाणी घ्या. त्याने काहीही मोडत नाही.

प्रभूची परीक्षा पाहू नये, हे उत्तर येशूने चाळीस दिवसांच्या उपासानंतरच, मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्याच्या मोहाला दिले होते. विश्वासाच्या बळावर इन्सुलिनशी खेळणे ही त्याच जातीची उडी आहे. रोमन कॅथलिक मंडळीचा नियमदेखील राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोन दिवशीच्या उपासाचे बंधन अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांना साठावे वर्ष लागेपर्यंतच घालतो, आणि आजाऱ्यांना त्यातून वगळतो. तुम्हाला काही सोडायचेच असेल तर दानीएलाच्या दहाव्या अध्यायाकडे पाहा : तीन आठवडे त्याने रुचकर अन्न, मांस आणि द्राक्षारस वर्ज्य केला, पण जेवण सोडले असे तिथे लिहिलेले नाही. मटण आणि तळलेले पदार्थ ईस्टरपर्यंत बंद ठेवलेत, तर तुमचे डॉक्टरही हरकत घेतील असे मला वाटत नाही.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो ते पाडव्याच्या सुमारास परततो. गावच्या मंडळीत ठरले आहे की उपासकालात दर शुक्रवारी दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत अन्नपाणी घ्यायचे नाही. फडात हे निभत नाही. मागे बायकोला चक्कर येऊन कोयता पायावर पडता पडता राहिला. खाडा केला तर मुकादम पैसे कापतो. आम्ही देवासमोर कमी पडतो का?
– एक ऊसतोड कामगार, धारूर तालुका

उत्तर : नाही, भाऊ. कमी पडला तो नियम. तो करताना गावात राहणाऱ्यांचाच विचार झाला. राखेचा बुधवार लवकरात लवकर ४ फेब्रुवारीला आणि उशिरात उशिरा १० मार्चला येतो, म्हणजे उपासकालाचा मोठा भाग दरवर्षी तुमच्या हंगामातच पडतो. पहाटे अंधारात फडात उतरून, मोळ्या बांधून, त्या डोक्यावरून वाहून गाडी भरणाऱ्या माणसाने उन्हात पाणी सोडणे हा सरळ जिवाशी खेळ आहे. तुम्ही दोघांनीही पाणी सोडू नका आणि न्याहारीची भाकरी चुकवू नका.

प्रेषितांची कृत्ये २७ मध्ये पौलाचे तारू वादळात सापडलेले आहे आणि लोक चौदा दिवस काही खाल्ल्यावाचून आहेत. पौल स्वतः उपासप्रार्थना करणारा माणूस होता. तरी तिथे तो सर्वांना अन्न खाण्याची विनंती करतो, तुमच्या बचावासाठी ते लागेल असे सांगतो, सगळ्यांदेखत भाकर घेऊन देवाचे आभार मानतो आणि स्वतः खाऊ लागतो. तुमच्या मंडळीच्या वडिलांनी हा अध्याय एकदा उपासनेत वाचावा. यशयाच्या ज्या अध्यायाचा वर उल्लेख केला, त्याच्या तिसऱ्या वचनात उपासाच्या दिवशी आपल्या मजुरांना राबवून घेणाऱ्यांवर देवाचा ठपका आहे. तेव्हा त्या दिवशी आधी विचारायचे ते मजूर लावणाऱ्याला विचारावे. आपल्या मंडळ्यांत ज्यांचे शेत आहे, दुकान आहे किंवा ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत, त्यांनी उत्तम शुक्रवारी हातावर पोट असलेल्या माणसाला मजुरीसकट सुट्टी दिली, तर तो उपास मी उपाशी राहण्यापेक्षा मोठा मानीन.

तुमच्यासाठी सुचवायचे तर एवढेच : शुक्रवारी रात्री कोपीसमोर चूल पेटण्यापूर्वी शेजारच्या दोन-तीन घरांनी एकत्र बसावे, एक भजन म्हणावे, प्रभूची प्रार्थना म्हणावी, आणि गावी आजीजवळ ठेवलेल्या पोरांची एकेक करून नावे घ्यावीत. काही सोडायची इच्छा असेल तर त्या दिवशी तंबाखूची पुडी आणि बायकांनी मिश्री सोडावी. ते किती अवघड आहे, हे सोडून पाहणाऱ्यालाच कळते.

प्रश्न : मी नर्सिंगचे शिक्षण घेत असून वसतिगृहात राहते. शुक्रवारी दुपारचे जेवण सोडते, पण प्रार्थनेला बसले की पाच मिनिटांत शब्द संपतात. उरलेला वेळ मोबाइल बघण्यात किंवा पोटात कावळे ओरडताना ऐकण्यात जातो. तासभर प्रार्थना करायची म्हणजे नेमके काय करायचे?
– एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : या वेळच्या पत्रांत हा प्रश्न मला सर्वांत प्रामाणिक वाटला. तास हा आकडा आधी विसर. जेवणाला जो अर्धा तास लागला असता तेवढाच घे, आणि मोबाइल मैत्रिणीकडे दे. उशीखाली ठेवलेला मोबाइल हाकेच्या अंतरावरच असतो.

स्वतःचे शब्द संपतात म्हणूनच मंडळीने स्तोत्रे जपली आहेत. पश्चात्तापाची म्हणून ओळखली जाणारी सात स्तोत्रे आहेत : ६, ३२, ३८, ५१, १०२, १३० आणि १४३. उपासकालातल्या एकेका शुक्रवारी त्यांतले एक घे. पहिल्यांदा ओठ हलवून, स्वतःला ऐकू येईल इतक्या आवाजात वाच. दुसऱ्यांदा वाचताना जिथे मन अडखळेल तिथे थांब, पुढे जाण्याची घाई करू नकोस. १३० वे स्तोत्र तर पहारेकरी पहाटेची वाट पाहतात त्याहून अधिक आतुरतेने वाट पाहण्याविषयी आहे, आणि रात्रपाळी केलेल्या नर्सला ते मी समजावून सांगण्याची गरज नाही. मग प्रभूची प्रार्थना घे, पण ती ओळीओळीने थांबत म्हण. ‘आमची रोजची भाकर’ या ठिकाणी आज वॉर्डात ज्यांना जेवण बंद ठेवले आहे त्यांना आठव, ‘आमची ऋणे सोड’ या ठिकाणी ज्या मुलीशी तू बोलत नाहीस तिचे नाव घे. मधेच डाळीची फोडणी आठवली तर दचकू नकोस; भूक लागली आहे असे देवाला सरळ सांग आणि पुढची ओळ म्हण. शेवटी थोडा वेळ काहीच न बोलता बस. त्या वेळात काही विशेष जाणवले नाही, तरी प्रार्थना फसली असे होत नाही. नारायण वामन टिळकांचे एखादे भजन पाठ असेल तर त्याने समारोप कर. चाल तोंडात राहिली की ते दुपारभर सोबत येते.

व्यवहाराची एक बाब : मेसचे पैसे महिन्याचे भरलेले असतात, त्यामुळे नुसते न जेवल्याने कोणाच्या ताटात काही पडत नाही. आदल्या दिवशी सांगून त्या वेळचा खाडा धरायला लाव आणि सुटलेले पैसे बाजूला ठेव. ज्या दिवशी प्रात्यक्षिक असेल किंवा पाळी असून अशक्तपणा वाटत असेल, त्या दिवशी जेव.

प्रश्न : उपासप्रार्थनेशिवाय दुष्टात्मे निघत नाहीत, असे प्रभूने सांगितल्याचे आमच्याकडे शिकवतात. मग जास्त उपास करणाऱ्याला जास्त सामर्थ्य मिळते का?
– एक तरुण वाचक, नांदेड

उत्तर : मार्क ९:२९ च्या सर्वांत जुन्या मोठ्या हस्तलिखितांत, म्हणजे सिनाई आणि व्हॅटिकन प्रतींत, तिथे केवळ प्रार्थनेचा उल्लेख आहे, उपास हा शब्द नंतरच्या प्रतींत दिसतो. त्यामुळे या एका वचनावर सामर्थ्याचे गणित उभे करता येत नाही. आठवड्यातून दोनदा उपास करणारा आणि तसे देवाला ऐकवणारा माणूस लूक १८ मध्ये भेटतो, आणि तो नीतिमान ठरून घरी गेला नाही. अशा सामर्थ्याची जाहिरात करून कोणी पैसे मागत असेल, तर तिथून उठून यावे.

प्रश्न : माझे सासर हिंदू आहे. उपासाच्या दिवशी सासूबाई प्रेमाने साबुदाण्याची खिचडी, भगर करून वाढतात. ती चालते का? उपास गुप्त ठेवावा असे मत्तय ६ मध्ये आहे, मग त्यांना सांगितले हेच चुकले का? आणि रविवारीही उपास धरायचा का?
– एक वाचिका, परभणी

उत्तर : आपल्या उपासाला अमुक धान्य चालते आणि तमुक चालत नाही असा नियम पवित्र शास्त्रात नाही, त्यामुळे भगरीने काही बिघडत नाही, तूप आणि दाण्याचे कूट घालून केलेली ताटभर खिचडी रोजच्या जेवणाहून जड होते, एवढे मात्र तुम्हालाही ठाऊक आहे. सासूबाईंना मनापासून सांगा की त्या दिवशी माझ्यासाठी वेगळे काही करू नका, थोडे ताक पुरे. मत्तय ६ मध्ये प्रभूने लोकांना दिसावे म्हणून तोंड उतरवून हिंडण्याला मनाई केली आहे. ज्या घरात स्वयंपाक मोजून होतो तिथे आज माझे ताट वाढू नका असे सांगणे हा देखावा नव्हे, आणि न सांगता अन्न वाया घालवणे अधिक वाईट. पतीशीही आधी बोला, कारण १ करिंथ ७ मध्ये प्रार्थनेसाठी पतिपत्नींनी काही काळ वेगळे राहायचे तर ते दोघांच्या संमतीने असावे, असे पौल सांगतो.

रविवारी उपास नसतो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस ४६ भरतात. त्यांतले सहा रविवार प्रभूच्या पुनरुत्थानाचे म्हणून वगळले की ४० उरतात. त्या दिवशी सासूबाईंच्या हातची खिचडी पोटभर खा.