ठिपका कुणाचा?

(नौदलात एकवीस वर्षं रडारसमोर बसून निवृत्त झालेले, सध्या डिचोलीत राहणारे आमचे स्तंभलेखक या वेळी किनाऱ्याच्या सुरक्षेवरच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत.)

मालीम जेटीवर माझा ट्रॉलर आहे. मासेमारीबंदी उठल्यापासून तीन वेळा समुद्रात अडवून कागद तपासले. खलाशी ओडिशा-झारखंडचे. एकेकाचं ओळखकार्ड बघण्यात दोन तास गेले, बर्फ वितळला. आम्ही चोर आहोत का?
– एक ट्रॉलरमालक, बेती

चोर नाही. चोराला हवी असते ती बोट मात्र तुमच्याकडे आहे.

नोव्हेंबर २००८ मध्ये कराचीहून निघालेल्या दहा जणांनी भर समुद्रात पोरबंदरचा 'कुबेर' हा ट्रॉलर पकडला. चार खलाशांना मारलं. तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान, अमरसिंह सोलंकी यांना तेवढं जिवंत ठेवलं, कारण मुंबईपर्यंत बोट नेणार कोण? मुंबई जवळ आल्यावर त्यांचाही गळा चिरला. तिथून रबरी होडीतून ते कफ परेडच्या मच्छीमार वसाहतीत उतरले. पुढे १६६ माणसं गेली.

त्या रात्री मी रडारवर असतो तर 'कुबेर' पकडला असता का? खरं सांगतो, नसता. रडारवर झेंडा दिसत नाही, नाव दिसत नाही. मांडवीच्या तोंडाशी हंगामातल्या रात्री पडदा कसा दिसतो माहीत आहे? कुणीतरी काळ्या पाटावर मूठभर मोहरी फेकावी तसा. त्यातला प्रत्येक दाणा कुणाच्या तरी घरचा. लाकडी आणि फायबरच्या बोटी तर लाटांच्या गर्दीत येतात-जातात. आपण कोण हे आपोआप सांगणारं एआयएस यंत्र २० मीटरपेक्षा लांब बोटींना सक्तीचं झालं, पण तुमचा ट्रॉलर बहुधा त्याहून आखूड. मग जवळ जाऊन बघण्याशिवाय दुसरा इलाज राहत नाही.

माझीच एक फजिती सांगतो. सप्टेंबरातली रात्र, आग्वादच्या पश्चिमेला एक ठिपका. दिवा नाही, वायरलेसला उत्तर नाही, इंजिन बंद असल्यासारखा वाहत चाललेला. मी संशयित म्हणून कळवला आणि गस्तीनौका धावली. होडीत निघाले एक म्हातारे तांडेल आणि त्यांचा भाचा. मशीन बंद पडलेलं, टॉर्च विझलेला, दोन तास हाका मारून घसे बसलेले. ते म्हणाले, "बाबा, तुमच्या रडाराक कान नात?" आमच्या पोरांनी चहा दिला, होडी ओढून आणली. मला सकाळी साहेबांकडून जे मिळालं ते चहाइतकं गोड नव्हतं.

पण येता येता त्याच म्हाताऱ्यांनी सांगितलं, की संध्याकाळी एक ट्रॉलर दिवे मालवून दक्षिणेला गेला आणि त्याच्या केबिनची बांधणी आपल्याकडची नव्हती. दुसऱ्या दिवशी तो सापडला. घातपाती वगैरे कुणी नव्हता, परराज्यातून चोरटी मासळी मारायला आलेला होता. माझ्या पडद्यावर तो रात्रभर होता. मला दिसला आणि कळला नाही, त्यांना बांधणीवरून कळला. म्हणून म्हणतो, तुमच्या तांडेलाला चोरासारखं वागवणारा अधिकारी स्वतःचाच डोळा फोडून घेतो.

तुमची तक्रार मला तिथेच पटते. २००८ नंतर एकूण सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलाकडे आली, १२ सागरी मैलांच्या आतलं पाणी तटरक्षक दल आणि किनारी पोलीस बघतात, शिवाय मत्स्यखातं आणि कस्टम्स आहेतच. एकाने तपासलेली बोट दुसऱ्याने त्याच आठवड्यात तपासली, तर ती दक्षता नव्हे, आपसात न बोलण्याची सवय झाली. १९९३ साली मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स रायगडच्या शेखाडीला उतरलं, तेव्हा तर बघणारे हजर होते. कस्टम्सच्या आणि पोलिसांच्या काही जणांना त्यासाठी पुढे शिक्षा झाली. तिथे कुठलं रडार काय करणार?

तूर्त एवढं करा : खलाशांची कार्डं प्लास्टिकच्या फाइलीत घालून केबिनमध्ये ठेवा. हंगामाच्या मध्ये माणूस बदलला तर यादी त्याच दिवशी बदला, वेळ जातो तो नेमका तिथे. आणि भिंतीवर रंगाने दोन नंबर लिहा : तटरक्षक दल १५५४, किनारी पोलीस १०९३.

चीन आपल्याभोवती बंदरांची माळ ओवतो आहे असं वर्गात शिकवतात. मग आपण काय करतो?
– विद्यार्थी, फोंडा

माळ आहे, खोटं नाही. श्रीलंकेचं हंबनटोटा २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या करारावर चीनकडे गेलं, त्याच वर्षी आफ्रिकेतल्या जिबुतीत चीनचा परदेशातला पहिला लष्करी तळ झाला, पाकिस्तानातलं ग्वादर आहेच. पण परीक्षेत नुसती बंदरं मोजू नका. बंदर शेजाऱ्याच्या जमिनीवर असतं आणि शेजाऱ्याचं मन बदलतं. त्या मनासाठी वास्कोत काय चालतं ते बघा. गोवा शिपयार्डने श्रीलंकेच्या नौदलाला 'सयुराला' आणि 'सिंदुराला' या गस्तीनौका बांधून दिल्या.

तिथेच बांधलेली आपली 'आयएनएस सुमित्रा' जानेवारी २०२४ मध्ये सोमाली चाच्यांच्या मागे होती. छत्तीस तासांच्या आसपास तिने दोन इराणी मासेमारी बोटी सोडवल्या. एकीवर १७ इराणी होते, दुसरीवर १९ जण, सगळे पाकिस्तानी. ज्या समुद्रातून 'कुबेर'वर चालून आले, त्याच समुद्रात ही पाकिस्तानी मच्छीमारांची सुटका. उत्तरात हे लिहिलंत तर परीक्षक गुण देतील की नाही, सांगता येत नाही.

दाबोळीवर विमानाची वाट बघताना पाणबुड्या शोधणारं नौदलाचं पी-८आय विमान दिसलं तर मान वळवून बघा. २०२२ पासून त्यांची एक तुकडी इथेच आहे. फोटो मात्र काढू नका, मोबाइल जप्त होईल आणि तुमचे बाबा मला शिव्या घालतील.

आम्ही पर्यटकांना दोन खोल्या भाड्याने देतो. संशयित माणूस ओळखायचा कसा?
– गृहिणी, हरमल

ताई, चेहऱ्यावरून नाही, आणि नावावरून तर मुळीच नाही. मुंबई हल्ल्याआधी शहरभर फिरून, बोटी भाड्याने घेऊन उतरायच्या जागा हेरणारा डेव्हिड हेडली गोरा, अमेरिकन पासपोर्टवाला, बोलायला गोड होता. दाऊद गिलानी हे नाव त्याने २००६ मध्ये बदललं होतं. हल्ल्यानंतर २००९ मध्ये तो पुन्हा भारतात येऊन आणखी जागा हेरून गेला. नाव बघून खोली देणाऱ्याने त्याला आधी चहा विचारला असता.

तुम्ही कागद बघा. परदेशी पाहुणा आला की २४ तासांच्या आत त्याच्या नोंदीचा सरकारी फॉर्म (पूर्वीचा सी फॉर्म) भरायचा, ओळखीचा असला, दरवर्षी येणारा असला तरी. "उद्या देतो" म्हणणाऱ्याला खोलीही उद्याच द्या. ऐन हंगामात हे जड जातं, माझ्या मेहुणीच्याही दोन खोल्या आहेत, तिची बोलणी मी ऐकतो.

नौदलात होता, मग तुम्हाला बोट लागायची का?
– इयत्ता सातवी, साखळी

लागायची. पहिल्या पावसाळ्यात तीन दिवस बादली मांडीवर घेऊन रडार बघितलं. त्या तीन दिवसांत किती ठिपके सुटले, ते विचारू नकोस.